विश्लेषण : पाळीव सापाच्या अंगावर गाठी का येतात? मालक डॉक्टरकडे जायला का कचरतात?

बॉल पायथन हातावरून सरकताना खवल्यांखाली वाटाण्याएवढी गाठ लागते. साप नेहमीसारखा खातो, म्हणून मालक थांबतो. पुढची कात पडते, गाठ तिथेच असते. ही गाठ कशाची आणि तिच्यावर उपचार लांबतात का?

गाठ कशामुळे?

गाठ हा आजार नव्हे, लक्षण आहे. सर्वात साधे कारण ओलावा. पेटीतला भुसा किंवा नारळाचा काथ्या सतत ओला राहिला की पोटाकडच्या खवल्यांवर पाण्याचे फोड येतात आणि त्यांत जिवाणू शिरतात. थर्मोस्टॅट नसलेल्या हीट मॅटने भाजले तरी फोड येतात. खवल्यांच्या कडा उचललेल्या आणि पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे ठिपके तरंगताना दिसले, तर ते माइट्स, म्हणजे गोचिडीचे रक्त शोषणारे बारीक भाऊबंद. जिवंत उंदीर खायला दिला आणि तोच सापाला चावला, तर जखमेच्या जागी गळू होऊ शकते. शरीराच्या मागच्या भागात आतून जाणवणारा फुगवटा मात्र अडकलेली विष्ठा किंवा मादीची अंडीही असू शकतात.

गळू पिळून का निघत नाही?

सापाचा पू माणसासारखा पातळ नसतो, तो पनीरसारखा घट्ट असतो. त्यामुळे तो वाहत नाही आणि औषधही आत नीट पोहोचत नाही. बऱ्याचदा छोटी शस्त्रक्रिया करून तो काढावा लागतो. घरी दाबून पाहणे म्हणजे संसर्ग पसरवणे.

बुरशीची भीती किती खरी?

ऑफिडिओमायसीस नावाची बुरशी सापांच्या त्वचेवर गाठी, खपल्या आणि व्रण आणते. 2008 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जंगली मॅसासॉगा रॅटलस्नेकमध्ये हा संसर्ग आढळला आणि शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. नुसत्या डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. त्वचेचा तुकडा तपासावा लागतो, पीसीआर चाचणी करावी लागते.

मग अडते कुठे?

कागदांवर. अजगर, मांडूळ, धामण असे देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले. कॉर्न स्नेक साइट्समध्ये नाही, त्यामुळे त्याला ही अट नाही. हा फरक अनेक विक्रेते सांगतच नाहीत. कागद नसलेला साप दवाखान्यात न्यायचा कसा, या धास्तीने ऑनलाइन व्हिडीओ पाहून उपचार सुरू होतात आणि कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे सापावर मारला जातो. त्यातून विषबाधा होऊ शकते.

तोवर काय करावे?

भुसा काढून कोरडा टिश्यू पेपर अंथरावा. पेटीची उबदार बाजू 31-32 अंश सेल्सिअस ठेवावी, कारण थंडीत सापाची प्रतिकारशक्ती मंदावते. घरातले इतर साप वेगळे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत. आजारी साप बागेत किंवा टेकडीवर सोडू नये, त्याचे परजीवी देशी सापांपर्यंत पोहोचू शकतात. दर दोन दिवसांनी गाठीचा फोटो काढावा आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. गाठ वाढते आहे का, हे सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला त्यावरून लगेच कळते.