केसावरून चेहरा

भिंतीवरच्या एका तसबिरीची काच तडकलेली होती आणि त्या तड्यात कोणाचा तरी केस अडकून बसला होता. मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत बसलेल्या हेदर ड्युई-हॅगबोर्ग या अमेरिकी कलावतीची नजर त्यावर खिळली. हा केस कोणाचा असेल आणि त्यावरून त्या माणसाविषयी किती सांगता येईल, या प्रश्नाने पुढे त्यांचा पिच्छा सोडला नाही. २०१२-१३ च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून, सार्वजनिक जागांतून केस, सिगारेटची थोटके, चघळून टाकलेले च्युइंग गम वेचले. ब्रुकलिनमधील जेनस्पेस या सर्वसामान्यांना खुल्या असलेल्या प्रयोगशाळेत त्यांतून डीएनए वेगळा काढला. त्यावरून स्त्री की पुरुष, पूर्वज कोणत्या खंडातले, डोळ्यांचा रंग कोणता याचे अंदाज बांधले आणि संगणकाच्या व त्रिमिती मुद्रणयंत्राच्या साह्याने माणसाच्या चेहऱ्याएवढे रंगीत मुखवटे तयार केले. प्रदर्शनात प्रत्येक मुखवट्याखाली मूळ थोटूक वा केस आणि तो सापडला त्या जागेचे छायाचित्र ठेवलेले असे. ‘स्ट्रेंजर व्हिजन्स’ हे त्या मालिकेचे नाव. (आपल्याकडील रस्त्यांवर थुंकण्याची रीत पाहता अशा कलावंताला येथे साहित्याची वाण कधी पडणार नाही, हे ओघाने आलेच.)

संकल्पनात्मक कला म्हटली की सामान्य रसिक जरा बिचकतो. या कलेत वस्तूच्या देखणेपणापेक्षा तिच्यामागील कल्पनेला मान असतो, आणि पुष्कळदा ती कल्पनाच बेतास बात निघाल्याने पाहणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. या प्रयोगाचे तसे झाले नाही. नकळत सांडलेल्या शरीराच्या कणावर मालकी कोणाची, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ग्रीनवुड खटल्यात, घराबाहेर उचलून नेण्यासाठी ठेवलेल्या कचऱ्याची झडती पोलिसांनी वॉरंटाशिवाय घेतली तरी खासगीपणाचा भंग होत नाही, असा निर्णय दिला होता. केराला जे लागू तेच थोटकाला, असा युक्तिवाद त्यानंतर सर्रास होत आला. ब्रिटनने उलट वाट धरली. तेथील २००४ च्या कायद्याने, गुन्हे-तपासासारखे अपवाद सोडता, दुसऱ्याच्या शरीराचा अंश संमतीवाचून डीएनए तपासण्याच्या हेतूने जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला.

परंतु या मुखवट्यांचे खरे मर्म आमच्या मते निराळ्याच ठिकाणी आहे. ते चेहरे हुबेहूब असल्याचा दावा स्वतः कलावतीने कधी केला नाही. फार तर घराण्यातले साम्य दिसेल, एवढेच त्या सांगत आल्या. डोळे निळे की तपकिरी हे काही मोजक्या जनुकांवरून बऱ्याच खात्रीने सांगता येते. नाक, हनुवटी, गालफडे यांचे तसे नाही; त्यांत असंख्य जनुकांचा चिमूटचिमूट वाटा असतो, आणि त्यावर अन्न, आजार, ऊन, वय यांचे संस्कार होतात. २०१७ मध्ये याच कलावतीने तुरुंगातून सुटलेल्या चेल्सी मॅनिंग यांच्या डीएनएवरून एक नव्हे, तीस चेहरे घडवून न्यूयॉर्कमध्ये टांगले. काही गोरे, काही सावळे; काही बायकी, काही पुरुषी. बीज एक आणि चेहरे तीस. शितावरून भाताची परीक्षा करणे वेगळे आणि सुतावरून स्वर्ग गाठणे वेगळे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

बाजाराने मात्र तिसातला एकच चेहरा उचलला. व्हर्जिनियातील पॅराबॉन नावाची कंपनी पोलिसांना डीएनएवरून संशयिताचा चेहरा काढून देऊ लागली, आणि जानेवारी २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया शहराच्या पोलिसांनी असे चित्र प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅनडातील एडमंटनच्या पोलिसांनी एका लैंगिक अत्याचाराच्या तपासात याच कंपनीने काढलेला कृष्णवर्णीय तरुणाचा चेहरा जाहीर केला. त्या चित्रात बसू शकतील असे तरुण शहरात कितीतरी होते. टीकेचा भडिमार होताच दोन दिवसांत चित्र मागे घेऊन पोलिसांना माफी मागावी लागली. कलादालनातला मुखवटा आणि पोलिसांचे पत्रक यांच्यामागील शास्त्र जवळजवळ एकच. पहिल्याने आपली अनिश्चितता उघड मांडली, दुसऱ्याने ती शिक्क्याखाली झाकली.

बोटांच्या ठशांचा इतिहास या संदर्भात आठवणे अगत्याचे आहे, कारण तो आपल्याच भूमीवर घडला. बंगालात १८५८ साली विल्यम हर्शेल या अंमलदाराने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, आणि तेथील वर्गीकरणाची पद्धत अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी रचली, जरी जगात नाव झाले ते त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे. याच काळात इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन ठशांतून वंश आणि स्वभाव वाचू पाहत होता. अनेक वंशांचे ठसे ताडूनही त्याला तसे काही सापडले नाही. ठसा ‘हा तोच’ एवढेच सांगतो, ‘हा कसा’ हे सांगत नाही; त्याची प्रामाणिकता या मुकेपणातच आहे. रूढ डीएनए-चाचणीही बव्हंशी अशीच मुकी असते. १९८० च्या दशकात इंग्लंडात तिने पहिला पराक्रम केला तो कबुली देऊन बसलेल्या एका निरपराध मुलाला सोडवण्याचा, आणि हैदराबादेत लालजी सिंग यांनी ती भारतात रुजवली तेव्हा आपल्या न्यायालयांनाही तिचा मोठाच आधार झाला. त्या चाचणीशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते ‘हा कसा’ या प्रश्नाकडे वळलेल्या नव्या विद्येशी.

आपल्या देशात हा प्रश्न कोणत्या थराला जाऊ शकतो, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवले आहे. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या कित्येक जमातींवरील तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला १९५२ मध्ये. पारधी वस्तीत आजही चोरी झाली की पहिली धाड कोठे पडते ते विचारून पाहावे. डीएनएतून चेहरा काढताना पूर्वज कोणते, हा मोठा आधार असतो, आणि पूर्वजांवरून जातीपर्यंत जायला आपल्या समाजाला यंत्राचीही गरज भासत नाही. २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदीय समितीने, धर्म वा जात यांच्या आधारे या माहितीचा दुरुपयोग होईल ही भीती सर्वस्वी निराधार नाही, असे २०२१ च्या अहवालात म्हटले होते. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

विधेयक गेले, पण दार उघडेच राहिले. बंद्यांच्या ओळखीसंबंधीचा १९२० सालचा कायदा रद्द करून २०२२ मध्ये आलेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात ‘जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण’ असे शब्द आहेत. विश्लेषण कशासाठी आणि कोठवर, याविषयी ती व्याख्या मौन पाळते. माहिती ७५ वर्षे जपायची, हे मात्र स्पष्ट लिहिले आहे. निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी पुसण्याची तरतूद आहे खरी, पण ती सर्व न्यायालयीन मार्ग संपल्यावरची. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले होते. त्या निर्णयाची सावली या शब्दयोजनेवर कोठे पडलेली आम्हांला दिसत नाही.

जर्मनीने २०१९ मध्ये डीएनएवरून डोळे, केस व त्वचा यांचा रंग आणि वय पाहण्यास परवानगी दिली, पूर्वजांचा शोध घेण्यास दिली नाही. तेवढी सुद्धा रेघ आपल्याकडे आखलेली नाही. २०२२ च्या कायद्याच्या आठव्या कलमाने केंद्राप्रमाणेच राज्य सरकारांनाही नियम करण्याचा अधिकार दिला आहे. नमुन्याचे विश्लेषण ओळख पटवण्यापुरतेच करावे, त्यातून वंश, रूप वा रोग शोधू नयेत, आणि डीएनएवरून कल्पिलेला चेहरा ठाण्याच्या फलकावर लावू नये वा वृत्तपत्रांकडे पाठवू नये, एवढा नियम गोव्याच्या गृहखात्याला करता येईल. त्यासाठी विधानसभेच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. राजपत्रातील अधिसूचना पुरते.