आधी माती, मग छप्पर

घर बांधावयास निघालेला आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थ भूखंड घेताना काही कमी चौकशी करीत नाही. सातबाऱ्यावर बोजा आहे काय, अकृषक परवानगी मिळाली आहे काय, नळ किती दिवसांनी येतो, शाळा किती लांब आहे, इतकेच नव्हे तर दार कोणत्या दिशेस येईल, हेही तो पाहतो. पायाभरणीस नारळ फोडतो, गृहप्रवेशापूर्वी वास्तुशांत करतो. परंतु ज्या मातीत हा पाया जावयाचा, त्या मातीत पूर्वी काय जिरले आहे, हा प्रश्न त्याच्या मनास शिवत नाही. आणि शिवला तरी त्याचे उत्तर देणारा कागद त्याच्या हाती पडत नाही. सातबारा जमिनीचा मालक सांगतो, पीक सांगतो, कर्ज सांगतो. तिच्यातील विष तो सांगत नाही.

ही उणीव आजवर खपून गेली, कारण घरे बहुधा शेतजमिनीवर उठत होती. आता शहरे वाढून बंद कारखान्यांच्या, इंधनाच्या साठ्यांच्या आणि कचऱ्याच्या आवारांपर्यंत येऊन ठेपली आहेत. परदेशांत तर जुन्या विमानतळांवर वसाहती उभ्या राहिल्या आहेत. वरून सपाट व मोकळ्या दिसणाऱ्या या जमिनीखाली वर्षानुवर्षे गळलेले इंधन असते, यंत्रे धुण्याची द्रावके असतात, आग विझविण्याच्या फेसातील सहसा न विघटणारी रसायने असतात. हाँगकाँगचा काई टाक विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला. तेथील माती तपासण्यात आली. तेलकट माती उकरून तिचे ढीग रचण्यात आले आणि सूक्ष्म जीवांनी ते तेल खाऊन टाकावे म्हणून त्यांत हवा खेळविण्यात आली. त्या जागेवरील पहिल्या सार्वजनिक वसाहतीत रहिवासी आले ते २०१३ मध्ये. इतके करूनही २०१५ मध्ये त्याच वसाहतीच्या पिण्याच्या पाण्यात शिसे सापडले, कारण नळांच्या जोडांना दिलेल्या डाखात शिसे होते. एका ठिकाणी घेतलेली दक्षता दुसऱ्या ठिकाणच्या हयगयीने कशी वाया जाते, याचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

आमच्या राज्यात या प्रश्नाने मुंबईतील देवनार येथे रूप घेतले आहे. १९२७ पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या या भूमीपैकी सुमारे १२४ एकर जागा धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. त्यानंतर २०२५ मध्ये महापालिकेने तेथील सुमारे १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत हटविण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. कचरा हटविणे अवश्यच आहे. पण कचरा हटला म्हणजे जमीन शुद्ध झाली, असे होत नाही. जवळजवळ शंभर वर्षे त्यातून झिरपलेले पाणी खालच्या थरांत गेले आहे. ते थर तपासल्यावाचून तेथे पाळणे हलू लागावेत काय? माहुलची आठवण अजून ताजी आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत ज्यांना घरे दिली, त्या कुटुंबांना अखेर उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश सरकारला दिला. गरिबाला घर देताना जागा कोणतीही चालते, ही समजूत शेवटी सरकारलाच महाग पडते.

मुंबईचे हे दुखणे बुलढाण्याने का वाहावे, असे कोणी विचारील. उत्तर आमच्या दाराशीच आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या जमिनीचे दोष पाण्यातून पोटात जात आले आहेत. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले, तेव्हा सारा देश आमच्याकडे पाहू लागला. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखविले ते पंजाब-हरियाणाकडून आलेल्या शिधावाटपाच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे. सेलेनियम गव्हात उतरते ते मातीतून. त्यांचे निदान खरे, तर शेकडो मैलांवरच्या मातीचा दोष आमच्या लेकरांच्या माथ्यावर उमटला. मग प्रत्यक्ष अंगणातील मातीविषयी आम्ही निश्चिंत कसे राहावे? उन्हाळ्यात आमची काळी माती हातभर भेगाळते, आणि तिच्याखालच्या काळ्या पाषाणाच्या फटींतूनच आमच्या विहिरींना पाणी येते. वर सांडलेले तेल वा रसायन त्याच वाटेने घागरीपर्यंत पोचू शकते.

कायदा नाही, ही सबब आता उरलेली नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. घनकचऱ्याच्या जागांना सामान्यतः निराळे नियम लागू असले, तरी रसायनांनी बिघडलेल्या जागांबाबत प्रथम डोळे उघडण्याचे कर्तव्य जिल्हा प्रशासनावर व स्थानिक संस्थांवर आहे. संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावयाचा, नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी व्हावयाची, आणि शुद्धीकरणाचा खर्च ज्याने जमीन बिघडविली त्याच्याकडून वसूल करावयाचा, अशी ही योजना आहे. मात्र शुद्धीकरण केव्हा पुरे व्हावे याची निश्चित मुदत त्यांत नाही, हे मोठे वैगुण्य होय. नियम आले तेव्हा देशभर अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झाले होते अवघ्या सात ठिकाणी. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा तेथून हलवावयास १९८४ नंतर चाळीस वर्षे लागली. मुदत नसली म्हणजे काय होते, हे याहून वेगळे सांगावयास नको.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी बंद कारखाने, जुने इंधनसाठे व रसायनांची गोदामे यांची यादी करून ती जनतेपुढे ठेवावी. अशा जमिनीस निवासी परवानगी देण्यापूर्वी माती व पाणी यांची तपासणी सक्तीची करावी, आणि तिचा निष्कर्ष मालकाच्या नावाप्रमाणेच जमिनीच्या दप्तरात कायमचा नोंदवावा. यामुळे घरे महागतील, हा आक्षेप आम्हांस ऐकू येतो. पण हा खर्च टळत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. आज जमीन विकणाऱ्याने दिला नाही, तर उद्या तेथे राहणारा तो दवाखान्यात देतो. यादीत एखादी जागा निघाली तर जिल्ह्याची बदनामी होईल, ही भीतीही व्यर्थ आहे. शेगावच्या गावांची झाली ती अब्रूची हानी दडवादडवीने भरून आली नाही.

नागरिकांचेही येथे काही कर्तव्य आहे. पुढच्या वेळी भूखंड पाहावयास जाल, तेव्हा दिशा अवश्य विचारा, बोजाही विचारा. पण ही जमीन पूर्वी कशासाठी वापरीत होते, हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा. मातीची तपासणी झाल्यावाचून केलेली वास्तुशांत अपुरीच समजावी.