कोपऱ्यातील नऊ पेन्स

‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकन चित्रकथा-मासिकाचा पंधरावा अंक हा त्या मासिकाचा अखेरचा अंक ठरला. मुखपृष्ठावर ऑगस्ट १९६२ असा महिना असलेल्या त्या अंकात स्पायडर-मॅन हे पात्र प्रथम अवतरले. किंमत होती १२ सेंट. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची एक उत्तम स्थितीतील प्रत अमेरिकेतील लिलावात ३६ लाख डॉलरला विकली गेली. याच अंकाच्या काही प्रतींवर १२ सेंटच्या जागी ९ पेन्स असे छापलेले आहे. कथा तीच, कागद तोच, यंत्रही तेच. तरीही कित्येक दशके या नऊ पेन्सवाल्या प्रती दुय्यम मानल्या गेल्या आणि पुष्कळदा ‘परदेशी आवृत्ती’ म्हणून अल्प मोलात निघाल्या. मालाची पारख पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत चालत आली आहे, त्या घरांना या चुकीच्या पारखीची हकीकत रंजक वाटावी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही ब्रिटनला डॉलरची चणचण होती. खर्चावर आणि आयातीवर कठोर नियंत्रणे होती. त्यांत अमेरिकन कॉमिक्सही अडकली. ब्रिटिश मुलांना या काळात मिळत ती बहुतांशी स्थानिक छपाईची, पुष्कळदा काळ्या-पांढऱ्या रंगांतील पुनर्मुद्रणे. १९५९ च्या सुमारास हे बंधन सुटले आणि खरे अमेरिकन अंक जहाजांतून येऊ लागले. ते आणणारी मुख्य पेढी म्हणजे ‘थॉर्प अँड पोर्टर’. तिचा कारभार लेस्टरजवळ ओडबी येथून चाले. लेस्टर म्हणताच अनेक वाचकांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनमंदिर आठवेल. त्या नगरात जिनप्रतिमांची प्रतिष्ठा होण्यापूर्वी सुमारे तीन दशके तेथूनच सुपरमॅन आणि फँटास्टिक फोर यांचे गठ्ठे ब्रिटनभर रवाना होत होते.

परक्या चलनातील छापील किंमत असलेला माल दुकानात कसा विकावा, ही या पेढीपुढील पहिली अडचण. तिच्यावर दोन उपाय झाले. पहिला उपाय अगदी आपल्याकडील कापडपेठेला शोभणारा होता. अंक सेंटमधील किंमतीसह जसेच्या तसे आणायचे आणि वर पेन्सचा रबरी शिक्का उमटवायचा. डीसी या प्रकाशनाचे अंक पुढे अनेक वर्षे याच रीतीने विकले गेले. शिक्का मारणाऱ्या हाताला घाई असे, म्हणून तो कधी नायकाच्या कपाळावर, कधी शीर्षकाच्या मध्यभागी, कधी निम्माच उमटलेला आढळतो.

दुसरा उपाय मार्व्हल या प्रकाशनाने १९६० पासून स्वीकारला. त्याने छपाईच्या वेळीच किंमत बदलली. मुखपृष्ठ चार रंगांच्या चार पत्र्यांवरून छापले जाई: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. किंमतीचा आकडा केवळ काळ्या पत्र्यावर असे. तेवढा एक आकडा बदलला की त्याच छपाईतून ब्रिटनसाठीच्या प्रती निघत. आतील पानांना हात लावण्याचे कारणच नसे. एकूण छपाईच्या मानाने या प्रती फार थोड्या असत. सुरुवातीच्या कित्येक पेन्स प्रतींच्या मुखपृष्ठावर महिन्याचे नावही आढळत नाही. समुद्रमार्गे येईपर्यंत अंक शिळा दिसू नये, हा त्यामागील हिशेब असावा.

आता त्या आकड्याचे गणित पाहण्यासारखे आहे. त्या काळी पौंडाचे २४० पेन्स होते आणि १२ पेन्सचा एक शिलिंग होता. पेनीची खूण ‘डी’ या इंग्रजी अक्षराने करीत, कारण ती रोमन ‘डिनारियस’ नाण्यावरून आली होती. १९४९ पासून पौंडाचा भाव २ डॉलर ८० सेंट असा बांधलेला होता. या भावाने १० सेंट म्हणजे साडेआठ पेन्सहून किंचित अधिक. तेव्हा ९ पेन्स ही किंमत रास्त होती. १९६२ च्या आरंभी अमेरिकेत अंकाची किंमत १० वरून १२ सेंट झाली. बांधील भावाने तिचे सव्वादहा पेन्स होतात, तरी ब्रिटनमधील आकडा त्यानंतरही काही काळ ९ वरच राहिला. म्हणजे स्पायडर-मॅनचा पहिला अंक अटलांटिकपलीकडच्या मुलाला अमेरिकन मुलापेक्षा काहीसा स्वस्त मिळाला. पुढे १० पेन्स झाले. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन होऊन तो २ डॉलर ४० सेंटवर आला. आता एक सेंट बरोबर एक पेनी, आणि १२ सेंट बरोबर एक शिलिंग! त्यानंतरच्या अंकांवर एक शिलिंग ही किंमत दिसू लागते, ती या हिशेबाशी नेमकी जुळते. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान नाणी स्वीकारली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी आणे जाऊन नवे पैसे आले, तसाच तो पालट. ‘डी’ गेला, ‘पी’ आला. केवळ मुखपृष्ठांचे कोपरे ओळीने मांडले, तरी एका राष्ट्राच्या चलनाची दोन दशकांची खतावणी समोर येते. या छंदाचे खरे सुख येथे आहे, लिलावाच्या आकड्यांत नव्हे.

सत्तरच्या दशकात या कथेत आपली माणसे येतात. पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः १९७२ मध्ये युगांडातून निष्कासित होऊन आलेल्या अनेक गुजराती कुटुंबांनी लेस्टर, वेम्बली आणि इतर नगरांत पुन्हा संसार उभे केले. पुढील वर्षांत भारतीय वंशाच्या कितीतरी कुटुंबांनी वृत्तपत्रे, गोळ्या-चॉकलेटे आणि किरकोळ वस्तूंची कोपऱ्यावरची दुकाने घेतली. पहाटे गठ्ठे सोडायचे, घरोघर वर्तमानपत्रे पाठवायची, रात्री गल्ला मोजायचा, हा त्यांचा दिनक्रम. अशा दुकानांतील तारेच्या फिरत्या स्टँडवर पेन्स किंमतीची अमेरिकन कॉमिक्स लटकत असत. दुकानदाराच्या दृष्टीने तो अगदी कमी नफ्याचा, जागा अडवणारा माल. उरलेले अंक मागील खोलीत जात. त्यांतील काही गठ्ठे आज दुकान विकताना किंवा वडिलांच्या पश्चात घर आवरताना बाहेर येतात, आणि रद्दीच्या गाडीत टाकायचे की ठेवायचे असा प्रश्न मुलांपुढे पडतो.

याच वर्षी, १९७२ मध्ये, मार्व्हलने ब्रिटनसाठी ‘माइटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल’ हे स्वतंत्र साप्ताहिक काढले. त्यात जुन्या अमेरिकन कथांचे पुनर्मुद्रण असे. आपलाच माल आपल्याच मालाशी स्पर्धा करू नये म्हणून काही अमेरिकन मालिका पुढे ब्रिटनमध्ये पाठवल्याच गेल्या नाहीत. परिणामी संग्राहकांच्या याद्यांत मोठमोठ्या पोकळ्या दिसतात. कोणत्या अंकाची पेन्स प्रत आहे आणि कोणत्याची मुळातच नाही, हे शोधण्यात कित्येक हौशी मंडळींनी वर्षे घालवली आहेत. कोणत्याही प्रकाशन संस्थेने अशी यादी हाती दिलेली नव्हती. एकेक प्रत पाहून, एकेक छायाचित्र जुळवून ती सिद्ध झाली. डीसीने तर छापील पेन्स किंमत १९७८ ते १९८१ इतक्या अल्पकाळापुरतीच वापरली.

मग या प्रतींचे मोल इतकी वर्षे कमी का राहिले? बाजार अमेरिकेत होता, दरांची मार्गदर्शके अमेरिकेत निघत, आणि अमेरिकन ग्राहकाला आपल्या बालपणी दुकानात पाहिलेली प्रत हवी होती. १९७० पासून निघणाऱ्या ओव्हरस्ट्रीट यांच्या दरपुस्तिकेवर सारा व्यवहार चाले. पेन्स दिसताच ‘हे नंतर इंग्लंडात छापलेले असणार’ असे गृहीत धरले जाई. ते साफ चुकीचे होते, पण चूक सर्वांची मिळून असली की तिलाच भाव म्हणतात. अलीकडे अभ्यासकांनी पुरावे मांडल्यावर दोन्ही प्रतींतील अंतर कमी झाले आहे. ते पुरते मिटलेले नाही. वस्तू दुर्मीळ आहे एवढ्याने किंमत येत नाही, मागणारा लागतो. व्यापारी घरांना हे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ‘पेन्स प्रत दुर्मीळ आहे, उद्या दसपट होईल’ असे सांगून कोणी माल गळ्यात मारू लागला, तर त्याचा सौदा शांतपणे नाकारावा.

खरे-खोटे ओळखताना या क्षेत्रात एक गंमत आढळते. १९६६ मध्ये ‘गोल्डन रेकॉर्ड’ या मालिकेने ध्वनिमुद्रिकेसोबत काही गाजलेल्या अंकांची पुनर्मुद्रणे दिली; त्यांत ‘फँटास्टिक फोर’ आणि ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ यांचे पहिले अंकही होते. ही पुनर्मुद्रणे मूळ अंकासारखीच दिसतात, पण त्यांच्यावर किंमत नाही. म्हणजे ज्या प्रतीवर ‘परकी’ किंमत आहे ती मूळ, आणि जिच्यावर किंमतच नाही ती नक्कल. याच्या उलट उदाहरण १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकाचे. त्याची नेहमीची किंमत ३० सेंट. प्रकाशकाने काही मोजक्या ठिकाणी ३५ सेंट किंमत लावून ग्राहक ती सोसतो का, हे पाहिले. त्या चाचणीच्या प्रती आज अत्यंत मौल्यवान आहेत. परंतु पुढे झालेल्या पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंटच छापलेले आहे, आणि त्यांचे मोल फार कमी आहे. चाचणीच्या प्रतीवर किंमत चौकोनी चौकटीत असते आणि खाली रेघांची बारकोड पट्टी असते. नुसता आकडा पाहून पैसे मोजणारे येथे हमखास फसतात.

घरात असा गठ्ठा सापडलाच, तर पहिल्या दिवशी काहीही करू नये. कागद हलक्या प्रतीचा, आम्लयुक्त असतो. घडी उलगडताना तुटतो. रबरबँड लावू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ब्रिटनच्या दमट हवेत टाचण्या गंजलेल्या असतात, त्या उपटून नव्या मारण्याचा मोह आवरावा. आम्लरहित पुठ्ठा आणि मायलारची पिशवी यांत प्रत घालून ती कोरड्या, अंधाऱ्या जागी उभी ठेवावी. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात तर हे अधिकच पाळावे. नंतर मालिकेचे नाव, अंक-क्रमांक, कोपऱ्यातील किंमत आणि शिक्का असल्यास त्याची नोंद, अशी साधी वही करावी. एवढी वही तयार असली की घाऊक भावाने पेटी उचलू पाहणारा दलालही जपून बोलतो.

विकायचे झाल्यास दोष आधी सांगावेत. कडा कापून सरळ केल्या असतील, उडालेल्या रंगावर शाई फिरवली असेल, तर ते लपत नाही. सीजीसी ही अमेरिकेतील संस्था २००० पासून अंकांची तपासणी करून त्यांना दहांपैकी श्रेणी देते आणि प्रत पारदर्शक पेटीत बंद करते. दुरुस्ती आढळली की त्या पेटीवर जांभळी पट्टी लागते, आणि जांभळी पट्टी पाहताच ग्राहक भाव पाडतो. काही मंडळी ओडबीचा तो वाकडा पेन्सचा शिक्का खोडून प्रत ‘स्वच्छ’ करू पाहतात. तसे केल्याने तेथील कागद खरवडला जातो, शाईची छाया तरीही उरते, आणि प्रत कोणत्या वाटेने आली हे सांगणारा एकमेव पुरावा नाहीसा होतो.