पडद्यामागची माणसं : बर्थ एक, मागणारे दोन!

नाटक बघताना आपल्याला रंगमंचावरची माणसं दिसतात. दिवे लावणारा, पडदा ओढणारा मात्र विंगेतच असतो. संगणकाच्या दुनियेतही तसंच असतं, बरं का! मोबाइलवर दिसणारी बटणं, चित्रं बनवणारे वेगळे आणि बटण दाबल्यावर आत जे घडतं, ते घडवणारे वेगळे. त्यांना म्हणतात बॅकएंड इंजिनिअर.

रेल्वेचंच बघा. पूर्वी आरक्षणाची जाडजूड रजिस्टरं असत. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. २००२ पासून इंटरनेटवर घरबसल्या तिकीट मिळू लागलं. आता समजा, गाडीत एकच बर्थ उरलाय. नाशिकची ताई आणि सोलापूरचे काका, दोघंही तो एकाच क्षणी मागतात. दोघांनाही दिला तर? मध्यरात्री एका बर्थपाशी दोघं तावातावानं भांडत उभे!

असं होऊ नये म्हणून बॅकएंड इंजिनिअर एक युक्ती करतो. ज्याची मागणी कणभर आधी पोचली, त्याचं काम होईपर्यंत त्या बर्थच्या नोंदीला 'कुलूप'! दुसऱ्यानं तोवर थांबायचं. शिवाय एक कडक नियम : काम झालं तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. मध्येच वीज गेली, तर अर्धवट झालेलं सगळं मागं फिरवायचं. याला 'ट्रान्झॅक्शन' म्हणतात. त्यावरच्या मोलाच्या कामासाठी अमेरिकेच्या जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

माहिती सोप्या तक्त्यांत मांडावी, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. हे गृहस्थ शिकले होते गणित आणि रसायनशास्त्र, आणि दुसऱ्या महायुद्धात ते चक्क वैमानिक होते!

म्हणून पालकहो, 'पाचवीतच कोडिंगचा क्लास लावू का?' ही घाई नको. वाटा पुष्कळ आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावीनंतर इंजिनिअरिंग, बीसीए किंवा संगणकशास्त्रातली बीएस्सी. पण पाया एकच : गणित पक्कं हवं, आणि 'असं झालं तर?' हा प्रश्न विचारायची सवय हवी. घरात मूल असे प्रश्न विचारतं, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. या कामात त्याच प्रश्नांची किंमत असते. विचारायचे राहून गेले, तर कुणाचे तरी पैसे जातात, कुणाची तरी गाडी चुकते.

करून पाहा : एका वहीत दहा जागा आखा. दोघांनी दोन 'खिडक्या' उघडा, बाकीच्यांनी भराभर तिकिटं मागा. वही मात्र एकच! एकच जागा दोघांना गेली का? मग ती जाऊ नये म्हणून नियम तयार करा. जमला? शाब्बास! बॅकएंड इंजिनिअरचा पहिला धडा तुम्ही गिरवलात.