हातचं न राखता

दिवाळीच्या अंकात वणव्याची गोष्ट कशाला, असं वाचक म्हणतील. म्हणोत.

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला होता, वारा सोसाट्याचा होता आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली निलगिरीची रानं नुसती ठिणगीची वाट बघत होती. त्या वणव्यांत १७३ माणसं गेली, दोन हजारांवर घरं जळाली. स्ट्रॅथ्यूअन हे जेमतेम दोनशे वस्तीचं गाव. तिथली २७ माणसं दगावली. शाळा गेली, गावाचा हॉलही गेला.

मग मदतीचा लोंढा आला. कपडे, भांडी, खेळणी ठेवायची कुठे आणि निवडायची कुणी, हेच एक काम होऊन बसलं. किल्लारीच्या भूकंपात किंवा २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे राबलेल्या कार्यकर्त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुष्कळदा आपण दान करत नसतो, कपाट आवरत असतो.

पण त्याच लोंढ्यात हातानं शिवलेल्या गोधड्याही होत्या. घराबरोबर अंथरूण-पांघरूणही जळतं. दुकानातली रजई ऊब देतेच. पण आपलं नावगाव ठाऊक नसलेल्या कुणीतरी आपल्यासाठी रात्री जागून टाके घातले, हे त्या रजईतून कळत नाही.

लोहारांना शिवता येत नव्हतं. व्हिक्टोरियातल्या लोहारांनी पोलादी झाड उभारायचं ठरवलं आणि जगभरच्या लोहारांकडून पानं मागवली. वीसहून अधिक देशांतून तांब्याची आणि पोलादाची सुमारे साडेतीन हजार पानं जमली. निलगिरीचं पान कोयत्यासारखं वाकडं, लांबट. एकेक पान घडवायचं म्हणजे पत्रा तापवायचा, ऐरणीवर ठोकायचा, शिरा उमटवायच्या, देठ वळवायचा. काही पानांवर गेलेल्यांची नावं ठोकलेली आहेत. जवळजवळ दहा मीटर उंचीचं ते झाड आज स्ट्रॅथ्यूअनला उभं आहे. आगीनं पोळलेल्यांना भट्टीतलीच भेट द्यावी का, असा प्रश्न मला पडला होता. पण ज्याच्या हाताला जे येतं तेच तो देणार.

हौसेलाही लगाम हवा. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच वणव्यांत पंजे भाजलेल्या कोआलांसाठी हातमोजे हवेत, अशी हाक एका प्राणिसंस्थेनं दिली. मलमपट्टीवर चढवायचे, रोज बदलायचे, म्हणून सुतीच हवेत. बेतण्याचा नमुनाही सोबत दिला होता. जगभर शिलाई मशिनं खडखडली आणि थोड्याच दिवसांत संस्थेला ‘आता पुरे’ म्हणावं लागलं. मला ही हाक फार आवडते. काय हवं, कशाचं हवं, किती झालं की थांबायचं, सगळं सांगितलेलं. घेणाऱ्याला इतकं मोकळेपणानं बोलू देणारे दाते आपल्याकडे किती?

यंदाचा अंक म्हणूनच हातकामाला वाहिला आहे. गोधडीवरचा लेख वाचून कुणी सुई-दोरा काढलाच, तर ज्याला द्यायची त्याला मापं आधी विचारा.