बेणेप्रक्रिया केलेली सळी आणि पहिले तीन तास



गळीत हंगाम आला की रस्त्यावर ऊसगाड्यांची वर्दळ आणि तिच्यामागोमाग अपघात. त्यातली वाईट दुखापत म्हणजे हाड मोडून कातडी फाटणे. माती, शेण थेट हाडापर्यंत जाते. नडगीवर मांस कमी, म्हणून तिथे हे जास्त घडते.

अशा हाडात बहुधा धातूची सळी घालावी लागते. पण जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात. त्यात औषध नीट शिरत नाही. मारामुळे तिथला रक्तपुरवठाही तुटलेला, मग इंजेक्शन पोचणार कसे? यावर तोड म्हणून सळीलाच जेंटामायसिन या औषधाचा लेप देतात. हे औषध हाडाच्या सिमेंटात मिसळण्याचे काम जर्मनीत बुखहोल्झ यांनी 1970 साली प्रसिद्ध केले. पुढे लेपाची सळी युरोपात वापरात आली. लेप हळूहळू विरघळतो, औषध जागेवरच सुटते. आपल्या भाषेत, ही बेणेप्रक्रियाच!

पण बेणेप्रक्रिया केली म्हणून पाणथळ रानात ऊस उगवतो काय? जखम नीट धुतली नाही, मेलेले मांस काढले नाही, तर लेपाची सळीही वाया. आणि वेळ? अमेरिकेत 1989 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन तासांच्या आत अँटिबायोटिक मिळालेल्यांत शेकडा 4.7 जखमा चिघळल्या. उशीर झालेल्यांत शेकडा 7.4. हे औषध महाग नाही. महाग पडतो तो उशीर.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, महागड्या सळीची मागणी जरूर करावी, पण आधी आपल्या हातातले करावे. जखमेवर हळद, चुना, माती लावू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ कापड बांधून, पायाला खपच्या लावून 108 ला फोन करावा. हाडवैद्याकडे वेळ घालवू नये. पहिल्याच दवाखान्यात अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मागून घ्यावे.

संचालक मंडळाने गाडीतळावर व प्रत्येक गट ऑफिसात निर्जंतुक पट्ट्या व खपच्या ठेवाव्यात. ट्रॉलीला, बैलगाडीला मागे रिफ्लेक्टर असल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नये. तोडणी मजूर सभासद नसेल, पण ऊस आपलाच तोडतो. त्याचा पाय गेला तर त्याचे घर बसते. येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा, ही विनंती.