रोजचें एक गाणें

घरांत गाण्याची रेलचेल झाली म्हणजे घरांतलें ऐकणें कमी होतें, असें आम्हीं म्हटलें तर पुष्कळ वाचकांस तें विपरीत वाटेल. परंतु आपापल्या घराकडे एकवार पाहावें. पूर्वीं ग्रामोफोनची तबकडी लागली म्हणजे माजघरांतलीं माणसें हातांतलें काम घेऊन ओटीवर येत. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, आणि ती पुन्हां लावावी कीं नाहीं याविषयीं चार शब्द होत. आतां जगांतलें बहुतेक गाणें खिशांतल्या फोनांत सांठलेलें आहे. प्रत्येकाच्या कानांत त्याचें त्याचें गाणें चालतें, आणि शेजारच्या माणसाच्या कानांत काय चाललें आहे हें कोणासच ठाऊक नसतें. याबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतु नाहीं. तक्रारीनें कोणाच्या कानांतलें कांहीं निघत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका लहानशा उपायाविषयीं. तो उपाय आमचा नव्हे. आमच्या पुतणीनें तो आमच्यावर लादला.

ही पुतणी सहा वर्षांपूर्वीं अमेरिकेंत गेली व मिशिगन संस्थानांत डेट्रॉईट येथें मोटारींच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. दोन वर्षांत परत येईन असें सांगून ती गेली होती. गेल्या वर्षीं तिनें कळविलें कीं, आपला विचार येथेंच राहण्याचा आहे. तिचे वडील म्हणजे आमचे थोरले बंधु. सारा जन्म त्यांनीं हायस्कुलांत गणित शिकविण्यांत घालविला. ते रागावले असते तर बरें झालें असतें. त्यांनीं एक अक्षरही उच्चारलें नाहीं, आणि न बोलण्याची त्यांस पुढें संवयच जडली. रविवारीं मुलीचा फोन येई तेव्हां "तब्येत बरी आहे ना?" एवढें विचारून दादा तो वहिनींच्या हातीं देत व वर्तमानपत्र उघडीत.

जुलै महिन्यांत पुतणीनें आम्हां पांचसहा आप्तांच्या फोनवर एक मजकूर धाडला. "आजपासून रोज एक गाणें पाठवीन. इकडचीं जुनीं, साधारण १९६० ते १९७५ पर्यंतचीं. ज्यांस सोल आणि रॉक म्हणतात तीं. दोन नाहींत, एकच. तें कां पाठविलें हें दोन ओळींत लिहीन. आवडलेंच पाहिजे असा आग्रह नाहीं. मात्र शेवटपर्यंत ऐकावें." तिकडे सकाळचे सात वाजत, ती कामावर निघे, येथें त्या वेळीं साडेचार, म्हणजे चहाची वेळ. त्यामुळें गाणें चहाबरोबर येऊं लागलें.

पहिलें गाणें 'प्लीज मिस्टर पोस्टमन'. डेट्रॉईटजवळच्या इंक्स्टर गांवच्या शाळकरी मुलींच्या 'मार्व्हलेट्स' नांवाच्या मेळ्यानें तें १९६१ सालीं गाइलें. पोस्टमनाच्या पिशवींत आपलें पत्र आहे कीं नाहीं, हें एक मुलगी विचारते, एवढाच त्याचा विषय. पुढें स्वतः विख्यात गायक झालेला मार्विन गे ह्या तबकडींत ड्रम वाजवीत आहे. पुतणीनें खालीं लिहिलें होतें, "आमच्या गांवचें गाणें आहे, म्हणून आरंभ ह्यानें." पत्राची वाट पाहणारी मुलगी कोण, हें वहिनींस तत्काळ कळलें. दादांनीं चहा घेतला व ते फिरावयास गेले.

"आमच्या गांवचें" ह्या शब्दांचा अर्थ आम्हांस पुढच्या दिवसांत उलगडला. बेरी गॉर्डी नांवाच्या कृष्णवर्णीय तरुणानें १९५९ सालीं घरच्या मंडळीकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन डेट्रॉईटमध्यें गाण्यांचा धंदा मांडला. तोच पुढें 'मोटाऊन' म्हणून प्रसिद्धीस आला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड रस्त्यावर त्यानें एक साधें राहतें घर विकत घेतलें व त्यांतच ध्वनिमुद्रणाची खोली केली. त्यानें मोटारींच्या कारखान्यांत जुळणीच्या रांगेवर काम केलें होतें. एका टोकास लोखंडी सांगाडा शिरतो व दुसऱ्या टोकास चालती गाडी बाहेर पडते, हें पाहून गाण्यांचेंही तसें करावें असें त्याच्या मनानें घेतलें. 'पोस्टमन' हें त्याच्या संस्थेचें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलेलें पहिलें गाणें. ज्या वादकांच्या हातांवर हीं गाणीं उभीं राहिलीं त्यांचीं नांवें मात्र कैक वर्षें तबकड्यांवर छापलीं गेलीं नाहींत. मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्या १९७१ च्या संग्रहावर तीं प्रथम आलीं. तें घर आज संग्रहालय आहे आणि पुतणी तें पाहून आलेली आहे.

दुसऱ्या दिवशीं तेंच गाणें पुन्हां आलें, परंतु आवाज निराळे. इंग्लंडांतल्या लिव्हरपूल बंदरच्या 'बीटल्स' ह्या चौघांनीं १९६३ सालच्या आपल्या दुसऱ्या संग्रहांत मोटाऊनचीं तीन गाणीं घेतलीं, त्यांपैकीं हें एक. समुद्रापलीकडच्या मुलींनीं गाइलेलें गाणें ह्या पोरांस इतकें आवडलें कीं तें आपल्या तोंडीं घेतल्यावांचून त्यांस राहवलें नाहीं. रॉक व सोल हे दोन निरनिराळे वाडे आहेत असा आमचा समज होता. दोहोंच्या मधल्या भिंतीस दार असून त्यांतून रात्रंदिवस येणेंजाणें चालूं असे, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

हा सगळा पाश्चात्य आरडाओरडा आहे असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. आठवडाभर आम्हीही तसेंच म्हणत होतों. पण सोल गायनाचें मूळ तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत आहे. एकानें चरण म्हणावा व समुदायानें तो झेलावा, ही तेथली रीत. कीर्तनांत बुवांचें पालुपद टाळकरी उचलतात तें ज्यानें ऐकलें आहे त्यास ती परकी वाटूं नये. डेट्रॉईटमध्यें वाढलेली अरीथा फ्रँकलिन ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. बापाच्या मंदिरांत ती लहानपणापासून गाई.

तिच्या 'रिस्पेक्ट' ह्या गाण्यानें आमच्या घरीं एक प्रकरण झालें. तें मूळचें ओटिस रेडिंगचें, १९६५ सालचें. कमावून घरीं येणारा पुरुष बायकोकडून मान मागतो, असा त्याचा भाव. अरीथानें १९६७ सालीं तेंच गाणें घेतलें, आपल्या दोन बहिणींस साथीला उभें केलें, आणि मानाचा तो शब्द अक्षर अक्षर सुटें करून म्हणण्याची जागा स्वतःची घातली. मागणारी आतां स्त्री झाली. पुतणीनें एके दिवशीं पहिलें व दुसऱ्या दिवशीं दुसरें पाठविलें. वहिनींस इंग्रजी गाण्यांतले शब्द फारसे उमगत नाहींत. दुसरें संपल्यावर त्या कप गोळा करतां करतां म्हणाल्या, "काल तो मागत होता. ही मागत नाहीं, सांगते आहे." दादांनीं वर्तमानपत्राआडून मान वर केली. ते ऐकत होते, हें तेव्हां आमच्या ध्यानीं आलें.

पुतणीनें नंतर बापास उद्देशून एक गाणें धाडलें: 'क्वीन' ह्या मंडळीचें, १९७५ सालचें, जवळजवळ सहा मिनिटांचें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांजीबार येथें १९४६ सालीं पारशी कुटुंबांत जन्मला. मूळ आडनांव बलसारा. त्याचें शाळेंतलें शिक्षण आपल्या पांचगणीस झालें व तेथेंच त्यानें सोबत्यांसह पहिला वाद्यवृंद जमविला. "बाबा, हा आपल्या सातारा जिल्ह्यांतला विद्यार्थी!" असें तिनें लिहिलें. दादा वहिनींस म्हणाले, "पांचगणीस शिकून इतका मोठ्यानें ओरडतो?" उत्तर वहिनींमार्फत गेलें, पण गेलें.

ऑगस्ट संपतां संपतां बिल विदर्सचें 'एन्ट नो सनशाइन' आलें. हा मनुष्य वेस्ट व्हर्जिनियांतल्या स्लॅब फोर्क ह्या कोळशाच्या खाणींच्या गांवीं १९३८ सालीं जन्मला. लहानपणापासून तो बोलतांना अडखळे. नौदलांत नऊ वर्षें काढून मग तो विमानांतल्या शौचकूपांचें सामान करणाऱ्या कारखान्यांत लागला, आणि तिशी उलटल्यावर, १९७१ सालीं, त्याचा पहिला संग्रह निघाला. गाणें अवघें दोन मिनिटांचें. घरचें माणूस निघून गेलें म्हणजे घराचें काय होतें, हें त्यांत आहे. मध्यें एका ठिकाणीं तो 'ठाऊक आहे मला' अशा अर्थाचे दोनच शब्द पुनःपुन्हां म्हणत राहतो. तेथें पुढें शब्द भरावेत असा त्याचा विचार होता. सोबतच्या वादकांनीं त्यास सांगितलें कीं, आहे तसेंच असूं दे. पुतणीनें लिहिलें होतें, "येथें त्याच्यापाशीं शब्द नव्हते. मला हीच जागा सर्वांत आवडते."

त्या रात्रीं दहाच्या सुमारास आम्हां सर्वांच्या फोनवर दादांचा मजकूर आला. त्यांत एकच आंकडा होता: २६.

पुतणीनें विचारलें, "बाबा, तुम्ही मोजलेत?"

दादांनीं लिहिलें, "दोनदां मोजले. पहिल्या खेपेस पंचवीस आले होते."

त्यानंतरच्या रविवारीं फोन आला तेव्हां तो चाळीस मिनिटें वहिनींच्या हातीं आला नाहीं. काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. मुलगी परत येणार नाहीं. दादांस तें आजही रुचलेलें नाहीं. परंतु न रुचलेली गोष्ट बोलून दाखवितां येऊं लागली, हा फरक थोडा नव्हे.

पत्रानें किंवा उपदेशानें जें झालें नाहीं तें गाण्यानें कां व्हावें? आम्हांस असें वाटतें कीं, दुसऱ्याचें गाणें हातीं दिलें म्हणजे मनांतली गोष्ट सांगितलीही जाते, आणि 'मीं सांगितली' असें म्हणावें लागत नाहीं. घेणाऱ्यासही उत्तराची सक्ती नसते. तो नुसता आंकडा मोजूं शकतो. आणि 'एकच' ही अट फार महत्त्वाची आहे. पुतणीनें शंभर गाणीं एकदम धाडलीं असतीं, तर दादांनीं त्यांतलें एकही ऐकलें नसतें. हीं गाणीं निघालींही तशींच, सात इंची तबकडीवर एका बाजूस एक. डेट्रॉईटचीं पोरें खाऊचे पैसे सांठवून एकेक विकत घेत. एकेक करून ऐकणें हा त्यांचा मूळचाच धर्म आहे.

ज्या वाचकांस हा प्रयोग करावासा वाटेल त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. गाणें आपल्यास खरोखर आवडणारें असावें. दुसऱ्यास सुधारण्यासाठीं निवडलेलें नसावें. कारण दोन ओळींहून अधिक लिहूं नये. ऐकणाऱ्यानें मध्येंच बंद करूं नये, व त्याच दिवशीं टीका करूं नये. आणि घरांतलें जें माणूस ऐकत नाहींसें दिसतें, त्याच्यापाशीं विचारपूस करूं नये; वर्तमानपत्राआडून पुष्कळ ऐकूं येतें.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं तिकडचीं घड्याळें एक तास मागें गेलीं. सोमवारीं साडेचार वाजले तरी गाणें आलें नाहीं. वहिनींनीं चहा पुढें केला, तेव्हां दादा म्हणाले, "थांब. तिकडे अजून सहाच वाजले असतील." आमच्या घरचा चहा हल्लीं साडेपांचास होतो.